आयत्या वेळचा विषय

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुतात आणि दोन्ही वेळा भांडण होतं. गेल्या खेपेला मात्र जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे महाभारताला भाऊबंदकी म्हणण्यासारखं आहे.

सेक्रेटरी या नात्याने मी रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला होता : 'उद्या टाकी धुणार. सकाळी सहा ते अकरा पाणी नाही. आजच भरून ठेवावे.' खाली एकच अंगठा उमटला, तोही आमच्या हिचा, शेजारच्या खुर्चीवरून. साडेआठच्या सुमाराला एका मालिकेतल्या नायिकेने सासरचं घर सोडलं. ती जिना उतरायच्या आत ग्रुपवर निरोपांचा पूर आला. तिने जायला हवं होतं की नको, जाताना मंगळसूत्र काढून ठेवलं ते बरोबर की चूक, बॅग इतकी छोटी कशी, यावर रात्री दहापर्यंत एकशे सतरा निरोप पडले आणि त्यांच्या तळाशी माझी टाकी बुडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण लावून जिन्यात उभे. "सेक्रेटरी, निरोप द्यायची काही पद्धत आहे की नाही?" मी मोबाईल काढला आणि पुरावा दाखवायला मागे मागे सरकू लागलो. बॅग, मंगळसूत्र, सासू, पुन्हा बॅग असं करत माझ्या निरोपापर्यंत पोचलो तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा साबण वाळला होता.

वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या चारमजली इमारतींपैकी आमची एक. दोन विंग, बत्तीस बिऱ्हाडं. लिफ्ट कोणालाच नाही, मत प्रत्येकाला आहे. सभासदांपैकी एक पंचमांश जणांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. बत्तिसांत सात सह्या पुरतात. गच्ची गळते म्हणून सात सह्या गोळा करायला आम्हाला पूर्वी दोन पावसाळे लागले होते. या वेळी संध्याकाळपर्यंत सव्वीस आल्या. नोटिशीवर मी विषय लिहिला : 'सभासदांच्या दूरचित्रवाणी-मालिकाविषयक चर्चेचे नियोजन करणेबाबत.' वेळ ठरवतानाच पहिला घोळ झाला. संध्याकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंत दर अर्ध्या तासाला कोणाचं ना कोणाचं घर मोडत असतं, त्यामुळे ती वेळ बाद. रविवारी दुपारी महाएपिसोड. शेवटी रविवारी सकाळी अकराला गच्चीवर जमायचं ठरलं.

सहकारी सोसायटीच्या सभांचा एक पाठ ठरलेला असतो. वेळेवर गणसंख्या भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग जेवढे येतील तेवढ्यांत उरकते, कारण तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. म्हणून आमच्याकडे सभेची खरी वेळ म्हणजे नोटिशीतली वेळ अधिक अर्धा तास. या वेळी अकराला पाच कमी असताना गच्चीवर खुर्च्या संपल्या. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमीप्रमाणे पुनर्विकास होता. 'चार दिवस सासूचे' ही मालिका नावात चारच दिवस असून २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षं चालली, भाग तीन हजारांवर गेले. आमच्या पुनर्विकासाने तिला कधीच मागे टाकलं आहे, आणि बिल्डरची अजून एन्ट्रीही झालेली नाही. तो विषय दोन मिनिटांत पुढे ढकलला.

मग ए-११चे नाना उठले. आमच्याकडे माणसं फ्लॅट नंबराने ओळखली जातात. नाना म्हणाले, "हा सोसायटीचा ग्रुप आहे. पाणी, पार्किंग, मेंटेनन्स. मालिकांची चर्चा बंदच करा. मी तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही." गच्चीवर शांतता पसरली. ती मोडली त्यांच्याच घरातून. नानी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मग काल 'ती मावसबहीण नाही, आतेबहीण आहे' असं मला पेपरच्या आडून कोण सांगत होतं?" नाना बसले. ठरावाला अनुमोदक मिळाला नाही.

खरं तर आम्हाला चर्चेचं नियोजन कधी करावं लागलं नव्हतं. मी १९८६ साली इथे राहायला आलो तेव्हा वाशीला रेल्वेही नव्हती, ती १९९२ साली आली. खाडीपुलावरून बसने मुंबई गाठायची आणि परत यायचं. इमारतीत तीन टीव्ही होते आणि वाहिनी एक-दीड. १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी त्या तीन घरांची दारं उघडी असायची. कोणाकडे जास्त माणसं बसली आहेत हे दाराबाहेरच्या चपला मोजून कळायचं. सगळ्यांनी एकच गोष्ट, एकाच वेळी, एकमेकांच्या पाठीमागून मान उंचावून पाहिलेली असायची. चर्चा भाग संपल्यावर चपला शोधता शोधता व्हायची आणि चपला सापडल्या की संपायची.

मग १९९९च्या स्वातंत्र्यदिनी अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी, २००८ साली स्टार प्रवाह. प्रत्येक घराला आपला टीव्ही, आपली वाहिनी आणि आपलं दुःख मिळालं. दारं बंद झाली. पण चर्चा तरीही कोणाला विचारून झाली नाही, कारण तोवर वाशीला लोकल आली होती.

आमची ही फोर्टातल्या ऑफिसात नोकरीला. 'आभाळमाया' आणि 'वादळवाट'च्या काळात ती आणि तिच्या मैत्रिणी सकाळी ठरलेल्या गाडीने, ठरलेल्या लेडीज डब्यात बसून सीएसटीला जात. तिथे अध्यक्ष नव्हता, ठराव नव्हता, तरी शिस्त अशी की आमच्या सभेने लाजावं. वाशी सुटली की आधी विचारणा : "काल कोणाचा राहिला?" जिचा राहिला असेल तिला मधल्या सीटवर घ्यायचं. वाशी आणि मानखुर्दच्या मध्ये नुसती खाडी, एकही स्टेशन नाही, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची अडचण नाही. त्या सलग पट्ट्यात कालचा भाग सांगून पुरा करायचा. मानखुर्द ते चेंबूर मतं. कुर्ल्याला गर्दी आत घुसायच्या आधी निकाल. वडाळ्यानंतर फक्त भाजी निवडायची. पुढे 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीचं गरोदरपण असं लांबलं की तिच्याबरोबर दिवस गेलेल्या डब्यातल्या दोघी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, परत रुजू झाल्या, मुलांची उष्टावणं उरकली, तरी डब्याने तिच्यासाठी एक कोपरा राखून ठेवला होता.

"तसंच काहीतरी करा," सभेत ही म्हणाली. पण आमच्या गच्चीला मानखुर्द नव्हतं.

सूचना येत गेल्या. बी-५चे इंजिनीयर म्हणाले, वाहिनीवार ग्रुप करा. त्यावर हरकत अशी की एकाच घरात सातला एक वाहिनी असते आणि आठला दुसरी. माणसाने काय दर अर्ध्या तासाला पक्षांतर करायचं? मालिकावार करा, असं दुसऱ्या कोणी सुचवलं. बी-२च्या मामींनी हात वर केला. मामी मूळच्या पालघाटच्या, मराठी शिकल्या ती पूर्णपणे मालिकांतून. भाजीवाल्याने कोथिंबीर जुनी दिली तर त्या त्याला शांतपणे सांगतात, "हे तू बरं केलं नाहीस. याची किंमत तुला चुकवावी लागेल." भाजीवाला घाबरून किंमत कमी करतो. मामींचं म्हणणं, मालिकावार ग्रुप केले तर मला आठ ग्रुपांत राहावं लागेल आणि माझ्या फोनमध्ये तेवढी जागा नाही. इंजिनीयरांनी मग टीआरपीचा आधार घ्यायचं सुचवलं : गुरुवारी आकडे येतात, वरच्या तीन मालिकांनाच चर्चेची परवानगी द्या. पण टीआरपी मोजणारे मीटर मोजक्या घरांत आणि तेही गुपचूप बसवलेले असतात, आणि बी-७च्या काकू देवळात जातानाही टीव्ही चालू ठेवून जातात म्हणून त्यांच्याकडे ते यंत्र असावं असा इमारतीला जुना संशय आहे. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. काकू म्हणाल्या, "चोर येऊ नयेत म्हणून चालू ठेवते."

खरा पेच वाहिनीचा नव्हताच, वेळेचा होता. इमारतीत प्रेक्षकांच्या तीन जाती आहेत. पहिली वेळेवर बघणारी. दुसरी दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण बघणारी. यांत रात्री नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्या आज्या आणि पाळीवर जाणारे लोक येतात. तिसरी जात नवीन. ॲपची वर्गणी भरली की काही मालिकांचा भाग टीव्हीच्या आधीच बघता येतो. ही वर्गणी भरली होती बी-३मध्ये भाड्याने राहणाऱ्या, महाप्याला नोकरी करणाऱ्या तीन मुलींनी. त्या जिन्यात सहज बोलून जायच्या, आणि संध्याकाळी सातपर्यंत रात्री साडेआठचा पेपर सगळ्या इमारतीत फुटलेला असायचा. "बोर्डाची परीक्षा असती तर गुन्हा दाखल झाला असता," असं तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले. अण्णा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत.

इथे उपविधीकाका उभे राहिले. प्रत्येक सोसायटीत एक उपविधीकाका असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हे पुस्तक ते काखेत घेऊनच जन्माला येतात. त्यांचा मुद्दा बिनतोड होता : भाडेकरूला सभेत मताधिकार नाही, मग चर्चेत कसा? मुलींना बाहेर काढायचं जवळपास ठरलं. तेवढ्यात नानींनी विचारलं, "पण शुक्रवारी काय होणार ते मग कोण सांगणार?" त्या तिघींना एकमताने नाममात्र सभासद करून घेण्यात आलं.

दोन तासांनी नियमावली तयार झाली. ती इतिवृत्तात आहे, मी फक्त उतरवून काढतो.

एक : भाग चालू असताना आणि संपल्यावर अर्धा तास मत मांडू नये. या काळात केवळ उद्गारचिन्ह चालेल.

दोन : भाग फोडणाऱ्यास पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी आठवडाभर मौन, तिसऱ्या वेळी सर्व सभासदांना चहा व बटाटेवडे.

तीन : मालिका न बघता मत देणाऱ्यांना बिनभोगवटा शुल्क. घरात न राहता घर भाड्याने देणाऱ्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत हे शुल्क लागतं. त्याच धर्तीवर दहा मतांमागे एक मत कापावं. (हा नियम पुरुषांना उद्देशून असल्याची हरकत नोंदवली गेली व फेटाळली गेली.)

चार : बातम्या आणि क्रिकेट या मालिका नाहीत असा काहींचा दावा सभेने विचारार्थ ठेवला.

पाच : मालिकेतील कोणत्याही पात्राचे इमारतीतील व्यक्तीशी साधर्म्य आढळल्यास तो योगायोग समजावा. हा नियम बी-७च्या सुनेने मांडला आणि बी-७च्या सासूने अनुमोदन दिलं. आमच्या इतिवृत्तात या दोन नावांचा असा योग पहिल्यांदाच आला.

इंजिनीयरांनी त्याच दिवशी अंमलबजावणी केली. व्हॉट्सॲपने २०२२च्या अखेरीस 'कम्युनिटी' नावाची सोय काढली आहे : एक मोठा वाडा, त्यात वेगवेगळ्या खोल्या. आमच्या वाड्यात नऊ खोल्या झाल्या. पाच मालिकांच्या पाच, 'रिपीटवाले' एक, 'आधी बघणारे' एक, 'हास्य व इतर' एक, आणि 'फक्त सूचना' एक. आठवड्याभरात लक्षात आलं की नऊही खोल्यांत तीच माणसं आहेत. 'रिपीटवाले'मध्ये वेळेवर बघणारे जाऊन बसले, कारण ज्यांना अजून ठाऊक नाही अशांच्या समोर गप्प बसण्यात एक वेगळाच आनंद आहे. आणि 'आधी बघणारे'मध्ये, पुढचं मुळीच ऐकायचं नाही असं सभेत ओरडून सांगणारे सगळेच होते.

पंधराव्या दिवशी रात्री 'फक्त सूचना'मध्ये निरोप आला : 'अण्णा गेले.' खाली दोन जोडलेले हात.

मी ताडकन उठलो. मराठी मालिकांत अण्णा नावाला तोटा नाही, पण सूचनांच्या खोलीत आलेले अण्णा म्हणजे तळमजल्यावरचेच. मी शर्ट चढवला, ही पदर सारखा करून निघाली. जिन्यात भाऊ भेटले, उपविधीकाका भेटले, मामी रडवेल्या होत्या, "असं अर्ध्यावर सोडून कसे गेले?" म्हणत होत्या. पंचवीसेक माणसं तळमजल्यावर खालमानेने उभी. उपविधीकाकांनी हळूच बेल दाबली. दार अण्णांनी उघडलं. आमचे उतरलेले चेहरे बघून त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाले, "हो, मीही आत्ताच पाहिलं. फार वाईट झालं. या, आत या." आम्ही आत गेलो. काय करणार? अण्णांच्या पत्नीने चहा टाकला. अण्णांनी दिवंगत अण्णांविषयी चार चांगले शब्द सांगितले. निघताना भाऊंनी सवयीने त्यांचा हात हातात घेऊन "काळजी घ्या" म्हटलं.

निरोप चुकीच्या खोलीत टाकला होता नानांनी, मालिकांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या.

नऊ खोल्या बंद करून पुन्हा एकच ग्रुप करायचं ठरलं. जुने निरोप पुसण्याआधी एकदा चाळावेत म्हणून मी दोन रात्री बसलो. माझी समजूत अशी होती की तिथे मालिकांविषयी लिहिलेलं असेल. बी-७ची सून लिहिते, 'तिने नोकरी सोडू नये, मग कितीही बोलणी बसोत.' खाली बी-७च्या काकू, एका भिंतीपलीकडून : 'पण पोराकडे कोण बघणार, तेही सांगावं.' त्यावर सून : 'सासूने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.' पुढे वीस निरोप, आणि शेवटी काकू : 'विचारते.' दोघी ज्या मालिकेविषयी बोलत होत्या तिच्यातल्या नायिकेला मूलच नव्हतं.

आणखी मागे, जुन्या ग्रुपपर्यंत गेलो. 'आई कुठे काय करते' मधल्या अरुंधतीने घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, त्या रात्रीचे निरोप लागले. बरंच काहीबाही लिहिलेलं होतं, वयाचं, मुलांचं, लोक काय म्हणतील याचं. त्या सगळ्याच्या मध्ये बी-१२च्या ताईंचा निरोप. ताईंचे यजमान जाऊन एकोणीस वर्षं झाली. ग्रुपवर त्या मेंटेनन्सची पावती सोडून कधी काही टाकत नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, 'बरं केलं तिने.' त्याच्याखाली त्या रात्री कोणीच काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नानींचा एक अंगठा आहे.

मी मोबाईल हिच्या हातात दिला. तिने वाचलं आणि चष्मा पुसला. "अहो, डब्यात आम्ही काय बोलायचो असं वाटत होतं तुम्हाला? 'वादळवाट'?" थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा टाकीचा निरोप कोणी वाचला नाही, कारण त्यात कोणाचं काही अडत नव्हतं. नुसती टाकी होती."

मी ते निरोप पुसले नाहीत. ग्रुप एकच केला. नियमावली फाईलला लावली. त्यातला पाचवा नियम तेवढा पाळला जातो.

आणि परवा टाकी धुवायची पुन्हा वेळ आली. रात्री साडेआठला, ऐन जाहिरातीत, मी निरोप टाकला :

'उद्याच्या भागात : भाऊंच्या डोक्याला साबण... आणि नळ कोरडा! सकाळी सहा ते अकरा टाकी धुतली जाणार. काकू वेळेत पाणी भरतील का? की सूनच आधी बादली लावेल?'

पाच मिनिटांत इमारतीतल्या सगळ्या नळांचा आवाज सुरू झाला. ग्रुपवर एकामागून एक निरोप यायला लागले. भाऊंनी दोन पिंपं भरल्याचा फोटो टाकला. बी-७मधून सासू आणि सून दोघींनी 'भरलं' असं एकाच मिनिटाला कळवलं. मामींनी लिहिलं, 'हे तुम्ही बरं केलंत.' जन्मात पहिल्यांदा सेक्रेटरी झाल्याचं सार्थक वाटलं.

सगळ्यात शेवटी ए-४च्या आजींचा निरोप आला : 'पुढचं सांगू नका हं. मी दुपारचं रिपीट बघते.'

सकाळी साडेसहाला त्या रिकामी बादली घेऊन आमच्या दारात उभ्या होत्या.